पीटी-एपीटीटी नॉर्मल, तरी रक्त थांबेना : तपासणीतल्या या चुका टाळा

रक्त गोठण्याच्या तपासण्यांसाठी आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या फॉर्मवर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं : "ब्लीडिंग डिसऑर्डर?" पेशंटची हकिकत एका ओळीचीही नसते. माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक, आणि पुढच्या बऱ्याचशा चुका तिच्यातूनच निघतात.

सतरा वर्षांची एक मुलगी आली होती. हिमोग्लोबिन सात, दोन वर्षं लोहाच्या गोळ्या चालू. पीटी नॉर्मल, एपीटीटी नॉर्मल (रक्ताला गोठायला किती वेळ लागतो हे मोजणाऱ्या या दोन चाचण्या), म्हणून "रक्ताचा काही दोष नाही" असं सांगून झालेलं. मी विचारलं, "पाळी किती दिवस असते?"
"आठ-नऊ."
"रात्री उठून पॅड बदलावं लागतं?"
तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "आमच्याकडे सगळ्यांचंच असं असतं."

या एका वाक्याने तपासणीची दिशा ठरली. सात दिवसांपेक्षा जास्त चालणारी पाळी, दात काढल्यावर तासन्‌तास न थांबणारं रक्त, पंधरा-वीस मिनिटं टिकणारा घोळणा, कारण न कळता उठणारे काळेनिळे डाग, घरातल्या बायकांची बाळंतपणं : हे विचारल्याशिवाय सुई टोचूच नये. घरातल्या सगळ्यांनाच त्रास असला की कुणालाच तो त्रास वाटत नाही, म्हणून नेमकं विचारावं लागतं.

पीटी आणि एपीटीटी नॉर्मल आले म्हणजे सुटलो, असं मुळीच नाही. सौम्य व्हॉन विलेब्रँड आजार (व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे रक्त थांबवायला मदत करणारं प्रथिन कमी किंवा सदोष असण्याचा, बहुधा आनुवंशिक आजार) या दोन्ही चाचण्यांतून सहज निसटतो. प्लेटलेटची संख्या ठीक पण काम बिघडलेलं असेल, तर तेही यांत दिसत नाही. फॅक्टर तेराची (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात, त्यांना क्रमांक असतात) कमतरता तर कितीही तीव्र असली तरी दिसत नाही, तिथे "जन्मल्यावर नाळेतून रक्त येत राहिलं होतं का?" हा प्रश्नच उपयोगी पडतो.

त्या मुलीची व्हॉन विलेब्रँड फॅक्टरची पातळी आधी एकदा तपासली होती आणि नॉर्मल आली होती. पण ती तपासली ती तापाने फणफणलेली असताना. ताप, ताण, व्यायाम, गरोदरपण, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, या सगळ्यांनी ही पातळी चढते. ती बरी झाल्यावर पुन्हा नमुना घेतला, तेव्हा खरा आकडा समोर आला. एका नॉर्मल रिपोर्टवर हा आजार नाकारू नका.

आता उलटी चूक. एपीटीटी वाढला की घाबरून प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) चढवायचा. फॅक्टर बाराच्या कमतरतेत एपीटीटी भलताच लांबतो, पण रक्तस्राव होत नाही. लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंटमध्येही (शरीरात तयार होणारी एक अँटिबॉडी) तो लांबतो, आणि तिथे तर धोका गुठळीचा असतो! म्हणून आधी मिक्सिंग चाचणी करा : पेशंटचा प्लाझ्मा आणि नॉर्मल प्लाझ्मा निम्मा-निम्मा. वेळ नॉर्मलवर आली तर बहुधा एखादा फॅक्टर कमी आहे, आली नाही तर काहीतरी अडथळा आणतंय. पण इथेही एक फसगत आहे. आयुष्यभर कधी त्रास नव्हता आणि उतारवयात किंवा बाळंतपणानंतर अचानक अंगावर तळहाताएवढे डाग उठले, तर फॅक्टर आठविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडीची, म्हणजे अर्जित हिमोफिलियाची शंका घ्यावी. त्यात मिश्रणाची वेळ लगेच मोजली तर नॉर्मल येऊ शकते. ३७ अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा लांबते. या पेशंटला स्नायूत इंजेक्शन देऊ नका आणि रक्तविकारतज्ज्ञाकडे पाठवायला उद्याची वाट पाहू नका.

नमुन्याबद्दल मी जरा हट्टी आहे. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) एक भाग आणि रक्त नऊ भाग हेच प्रमाण हवं. शीर सापडत नाही म्हणून नळी अर्धीच भरली, तर सायट्रेट जास्त होतं आणि वेळ खोटीच लांबते. हेपारिन (गुठळी रोखणारं औषध) चालू असलेल्या लाइनमधून रक्त काढलं तरी तेच. आणि नळी फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने व्हॉन विलेब्रँड फॅक्टर घटतो आणि नसलेला आजार रिपोर्टवर उमटतो. प्लेटलेटचं काम तपासायचं असेल तर अ‍ॅस्पिरिन घेतलीय का ते आधीच विचारा. पण डॉक्टरांना न विचारता ती कुणी बंद करू नये.

गुठळी झालेल्यांच्या तपासण्यांत घाई नडते. ताजी गुठळी असताना प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन ही गुठळीला आळा घालणारी शरीरातली प्रथिनं कमी दिसू शकतात. वॉरफरिनने (हेही गुठळी रोखणारं औषध) सी आणि एस उतरतात, हेपारिनने अँटिथ्रॉम्बिन, गरोदरपणात एस. त्यावरून "जन्मजात दोष" असा शिक्का मारला की तो आयुष्यभर पुसत नाही. लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट सापडला तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासायचा. फॅक्टर पाच लायडनची (गुठळीचा धोका वाढवणारा जन्मजात जनुकीय बदल) जनुकीय चाचणी मात्र केव्हाही चालते.

त्या मुलीच्या आईचीही नंतर तपासणी केली. तिची पातळीही कमीच निघाली. गरोदरपणात ती वाढलेली असल्याने दोन्ही बाळंतपणं सुखरूप पार पडली होती, पण धाकटीच्या वेळी दहाव्या दिवशी एवढा रक्तस्राव झाला की रक्त चढवावं लागलं. हे तिने पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं, कारण त्याआधी तिला कुणी विचारलंच नव्हतं.