घरच्या घरी फ्लाय रॉड बांधायचा असेल तर

गळाची साधी काठी आणि फ्लाय रॉड यात फरक काय, हे आधी डोक्यात पक्कं बसू द्या, नाहीतर पुढचं सगळं नुसतं चिकटवाचिकटवीचं काम वाटेल. साध्या गळाला शिसं लावतो आणि त्या वजनानं दोरी लांब जाते. फ्लायला वजनच नसतं, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला किडा तो, फुंकर मारली तरी उडेल. म्हणून इथे वजन असतं ते जाड लाइनमध्ये, आणि रॉड वाकून परत सरळ होताना ती लाइन पुढे फेकतो. लाइनला नंबर असतात, नंबर वाढेल तशी लाइन जड, आणि रॉडचा नंबरही त्यावरूनच. ५ नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन धरतात, म्हणजे जेमतेम ९ ग्रॅम. इतक्या कमी वजनावर रॉड वाकायला हवा, त्यामुळे गाइड (लाइन ज्यातून जाते त्या रॉडवरच्या कड्या) कुठे बसवले, ते बांधायला दोरा किती गुंडाळला, त्यावर इपॉक्सी (कालवून लावायचा, सुकल्यावर कडक होणारा लेप) किती थापलं, सगळं कास्टिंग करताना, म्हणजे लाइन फेकताना, हाताला जाणवतं.

ब्लँक म्हणजे नुसती पोकळ काठी, ती तयारच घ्यायची. बुरूड आळीतला बांबू चालेल का असं बरेच जण विचारतात. गळाच्या काठीला झकास चालतो, पण बांबूचे फ्लाय रॉड करतात ते दक्षिण चीनमधल्या टोंकिन बांबूचे, त्याच्या त्रिकोणी पट्ट्या रंधून सहा-सहा एकत्र चिकटवतात, ते शिकायला वेगळी वर्षं लागतात. पहिल्यांदा कार्बन फायबरचाच घ्या, ९ फुटी, ५ नंबर, ४ तुकड्यांचा. एकेक तुकडा सव्वादोन फुटांच्या थोडा वर, सॅकला बांधून मुळशी, पवनेला एसटीनं नेता येतो, आणि परदेशातून मागवलात तर पार्सलही फार लांब होत नाही (कस्टम ड्युटी वेगळी लागते, ती आधीच बजेटमध्ये धरा). चिलापी (तिलापिया) माशाला हा भरपूर झाला. महाशीरसाठी ८ नंबर तरी हवा. तशी महाशीरची आणि पुण्याची ओळख फार जुनी, दख्खनच्या महाशीरचं शास्त्रीय वर्णन साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये केलं ते इथल्याच मुळा-मुठेतल्या माशावरून.

ब्लँकसोबत रील सीट (लाइन गुंडाळायची चरखी, म्हणजे रील, बसवायची जागा), कॉर्कची मूठ, मुठीच्या तोंडाला बसणारी छोटी रिंग, एक मोठा स्ट्रिपिंग गाइड (मुठीच्या सगळ्यात जवळचा), ९ स्नेक गाइड (पिळलेल्या तारेचे), शेंड्याच्या टोकावर बसणारा टिप-टॉप, ए साइजचा नायलॉन दोरा आणि रॉडवर लावायचं दोन भागांचं इपॉक्सी मागवा. गाइड किती याचा साधा हिशोब म्हणजे जितके फूट तितके आणि वर एक, टिप-टॉप सोडून. बाकी मास्किंग टेप, पॉलिश पेपर, गोल कानस, ब्लेड, सुई नसलेल्या दोन सिरिंज, हे सगळं पेठेत फिरलात की एका दुपारी होतं.

आता मणका बघायचा. ब्लँकच्या प्रत्येक तुकड्याची एक बाजू जरा ताठ असते. जाड टोक फरशीवर टेकवा, बारीक टोक एका हाताच्या बोटांवर तिरकं धरा, दुसऱ्या हातानं मधे हलकं दाबून तुकडा फिरवा, एका जागी तो टुणकन उडी मारून स्थिर होतो. तिथे टेपवर खूण करा. मग तुकडा डोळ्यासमोर धरून बंदुकीचा नेम धरल्यासारखं बघा, थोडा बाक बहुतेक ब्लँकना असतोच. मणका आधी की सरळपणा आधी यावर रॉड बांधणारे भरपूर भांडतात. माझं मत सरळपणाच्या बाजूनं. बाक वरच्या दिशेला ठेवायचा, गाइड खाली लागले की त्यांच्या वजनानं तो थोडा भरून येतो. काहीही ठरवा, पण चारही तुकडे जोडून ठरवलेल्या बाजूच्या खुणा एका रेषेत आणा, त्याशिवाय पुढे जाऊ नका.

मुठीचं काम सोपं आहे पण घाई चालत नाही. कॉर्कचं भोक गोल कानशीनं हळूहळू मोठं करा आणि सारखं घालून बघा, मूठ बारीक टोकाकडून सरकत येऊन जागेवर घट्ट बसली पाहिजे, एकदा भोक सैल झालं की झालं. रील सीट मात्र सैलच असते, तिच्या आत मास्किंग टेपचे दोन-तीन पट्टे गुंडाळून जाडी भरायची, मधे फटी सोडायच्या म्हणजे इपॉक्सी आत शिरतं. मूठ आणि सीट बसेल तेवढाच भाग पॉलिश पेपरनं खरवडायचा, ब्लँकला बाकी कुठेही पॉलिश पेपर लावायचा नाही, कार्बनचे धागे कापले गेले तर रॉड एक दिवस तिथेच मोडणार. चिकटवायला सावकाश सुकणारं अरल्डाइट घ्या. पाच मिनिटांचं नको, सीट गाइडच्या रेषेत आणेपर्यंत ते घट्ट होतं. आधी सीट, मग मूठ, मग रिंग, आणि रात्रभर तसंच राहू द्या.

गाइडची जागा ब्लँक बनवणाऱ्याच्या तक्त्यात मिळते, नसेल तर माझ्या रॉडची मापं घ्या, शेंड्यापासून इंचात ५, १०॥, १६॥, २३, ३०॥, ३८॥, ४७, ५७, ६७ आणि ७७. शेवटचा तो स्ट्रिपिंग गाइड. ही मापं सुरुवातीपुरती. गाइड टेपनं तात्पुरते लावा, त्यातून दोरी ओवा, रॉड जोडून मूठ धरा आणि दुसऱ्या कुणाला दोरीचं टोक ओढायला सांगा. दोरीनं रॉडच्या वळणाच्या जवळजवळ जायला हवं, कुठे लांब सरळ रेघ दिसली तर तिथला गाइड थोडा सरकवा. यात अर्धा तास गेला तरी जाऊ द्या, कारण नंतर हे सहज बदलता येत नाही. टिप-टॉप मात्र गरम केल्यावर वितळणाऱ्या ग्लूनं लावा, मोडला तर गरम करून काढता येतो.

दोरा गुंडाळणं हाच खरा रॉड. आधी गाइडचे पाय कानशीनं घासून टोकाला कागदासारखे पातळ करा, म्हणजे दोरा पायरी न पडता वर चढतो. बुटाच्या खोक्याच्या दोन बाजूंना व्ही आकाराच्या खाचा पाडा, त्यात ब्लँक ठेवा, दोऱ्याचं रीळ कपात ठेवून दोरा दोन-तीन जाड दिवाळी अंकांच्या पानांतून काढा, बेताचा ताण मिळतो. दोऱ्याचं टोक ब्लँकवर आडवं ठेवून त्यावरूनच पाच-सहा वेढे घ्या, उरलेलं टोक कापा, आणि मग दोरा न हलवता ब्लँक फिरवत राहा. माझ्या पहिल्या गुंडाळणीत वेढ्यांमधे सगळीकडे फटी दिसत होत्या. आई शिवणाच्या सवयीनं म्हणाली, "अरे, दर दहा वेढ्यांनी नखानं मागे सारत जा." तेव्हापासून फट राहिली नाही. शेवटचे सात-आठ वेढे उरले की वेगळ्या दोऱ्याचा एक फास त्यांच्याखाली ठेवा, गुंडाळणं पूर्ण झालं की दोरा कापून टोक फासात घाला आणि फास ओढा, टोक वेढ्यांखाली जाऊन बसतं. मग चमच्याच्या गुळगुळीत पाठीनं घासून सगळं सपाट करा. प्रत्येक सांध्याच्या बाहेरच्या तोंडावरही दोरा गुंडाळायचा, तिथे गाइड नसला तरी. तो शोभेसाठी नाही, तोंड फाटू नये म्हणून असतो, आणि नवखे लोक नेमका तोच विसरतात. रंगाचं एक लक्षात ठेवा, साधा नायलॉन दोरा इपॉक्सी प्यायल्यावर गडद होतो, केशरी आवडला म्हणून घेतला तर शेवटी विटकरी दिसेल. आधी भंगारातल्या काठीवर करून बघा.

इपॉक्सीसाठी पुण्याची हवा सांभाळायला लागते. जुलै-ऑगस्टमधे करू नका, दमटपणामुळे वर दुधी, चिकट थर येतो. एप्रिल-मेमधे ते लवकर घट्ट होतं, त्यामुळे एका वेळी थोडंच कालवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं, जरा उशिरा सुकतं इतकंच. फरशी ओल्या फडक्यानं पुसा, पंखा बंद, खिडकी थोडी उघडी, हातमोजे घाला. दोन्ही भाग सिरिंजनं अगदी सारखे मोजा, ३ मिलिला ३ मिलि, अंदाज चुकला तर ते कधीच पूर्ण सुकत नाही. तीन मिनिटं सावकाश ढवळा, मग अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर ओता, पसरलं की बुडबुडे फुटतात. मऊ ब्रशनं पातळ थर लावा, जाड लावलात तर लोंबतो आणि शेंडा जड होतो. मग पुढचे तीन-चार तास रॉड सतत फिरता हवा. पुण्यातल्या तपकीर गल्लीत मायक्रोवेव्हची प्लेट फिरवणारी मोटार मिळते, मिनिटाला पाच-सहा फेऱ्यांची, ती यासाठी उत्तम. वायरिंग जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, २३० व्होल्टची असते ती. मोटार नसेल तर पहिला तासभर दर पाच मिनिटांनी आणि पुढे दहा मिनिटांनी अर्धी फेरी हातानं द्या, मी पहिला रॉड असाच केला. दुसऱ्या दिवशी दुसरा थर लावा.

आठवडाभर थांबा, नख रुतत नाही ना बघा. सांध्यांना मेणबत्ती चोळून तुकडे जोडा, आणि गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सकाळी मोकळ्या गवतावर कास्टिंग करून बघा. विजेच्या तारांच्या आसपास अजिबात नको, कार्बनमधून वीज जाते. दोन-तीन दिवस फेकून झाल्यावर गाइडच्या पायांपाशी इपॉक्सीला बारीक चिरा दिसतात का ते बघा. दिसल्या तर तेवढाच गाइड उसवून पुन्हा बांधा, आणि मगच धरणावर जा, तिथे मासेमारीचा ठेका असतो, ठेकेदाराला आधी विचारून.