चेन साफ करताना चाक उलटं फिरवा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःची मोटरसायकल खोलायला घेतलीत, की बोटांची पेरं सोलवटणार आणि पोटरीला सायलेन्सरचा चटका बसणार. घाबरून काम सोडू नका, या जखमा भरतात. कायमचं बोट जातं ते एका जागी: चेन मागच्या स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चाकावरच्या दातेरी चकतीत, शिरते तिथे. म्हणून बाकीचं थोडक्यात सांगेन, पण हे सविस्तर.

इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेनला फडकं लावायचं नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. तरीही गल्लोगल्ली हे चाललेलं दिसतं. हिशेब करून बघा. दीडशे सीसीची गाडी, आयडलला, म्हणजे रेस न देता, इंजिनाचे मिनिटाला 1400 फेरे, पहिला गिअर. चेन सेकंदाला जवळजवळ अर्धा मीटर सरकते. बोट ओढलं जातंय हे कळून हात मागे घ्यायला सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो. तेवढ्यात चेन नऊ-दहा सेंटिमीटर पुढे गेलेली असते. वरचे गिअर तर सोडूनच द्या.

माझं बोट मात्र सापडलं ते इंजिन बंद असताना. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. एका हाताने चाक पुढे फिरवत होतो, दुसऱ्या हातातलं फडकं चेनच्या खालच्या पदराला लावलं होतं. चाक जड असतं, एकदा फिरायला लागलं की हात काढला तरी थांबत नाही. फडक्याचा सुटलेला दोरा दातात गेला आणि बोटाभोवती गुंडाळलेलं फडकं त्याच्यामागे. नख गेलं, हाड वाचलं. थंडीत ते बोट अजून ठणकतं.

चाक पुढे फिरतं तेव्हा खालचा पदर मागच्या स्प्रॉकेटमध्ये शिरतो, आणि आपण खाली बसून हात लावतो तोही त्याच पदराला. चाक उलटं फिरवलं की तोच पदर स्प्रॉकेटमधून बाहेर पडतो, हात दातांपासून दूर जातो. तेव्हा वरच्या पदराला हात लावू नका, कारण आता शिरतो तो वरचा. चाक थोडं फिरवा, थांबवा, पुसा, पुन्हा फिरवा. फडकं बोटाला गुंडाळू नका. लांब दांड्याचा ब्रश असेल तर त्याहून चांगलं. आणि किल्ली खिशात ठेवा, गाडीला नाही.

पाना घसरून हात फुटतो त्याचं कारण बहुतेकदा अॅडजस्टेबल पाना. माझं मत पक्कं आहे: तो घेऊच नका. पुण्यात असाल तर बोहरी आळीत जाऊन रिंग पान्यांचा चांगला सेट घ्या, स्पेअर पार्टचं नाना पेठेत नंतर बघता येईल. पाना आपल्याकडे ओढा, पुढे ढकलू नका. सुटला तर हात फ्रेमवर आपटत नाही.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. बोटातली अंगठी काढून ठेवा. पॉझिटिव्ह आणि फ्रेम यांच्यामध्ये ती आली तर क्षणात लाल होते. बेसमेंटमध्ये पेट्रोलची नळी सोडू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचून राहते, आणि ठिणगी कुठूनही येते. स्टँडची स्प्रिंग ओढताना चष्मा घाला, ती सुटली तर डोळ्यावर येते.

शिकायचं असेल तर असा मेकॅनिक शोधा जो किक मारण्याआधी ‘हात काढ’ म्हणतो. ‘तू हो बाजूला, मी करतो’ म्हणणाऱ्याचा हात कितीही चांगला असो, त्याच्याकडून काम होईल, शिक्षण होणार नाही. व्हिडिओ बघा, पण जखम कशी होते ते त्यात दाखवत नाहीत.

आणि लागलंच, तर घाबरू नका. भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट नको, बर्फ नको. जखमेत माती-ग्रीस गेलं असेल तर साबणाने नीट धुवा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं झाली असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बोट चेनमध्ये अडकलंच तर झटक्याने ओढू नका. कोणाला तरी हाक मारा आणि चाक ज्या दिशेने फिरत होतं त्याच्या उलट हळूहळू फिरवायला सांगा.