नॉर्दर्न लाइट्सची खासगी टूर: निघण्याआधीची तयारी, आणि त्यातही बूट

पासपोर्ट, शेंगेन व्हिसा, विमा, तिकिटं. हे कुणी विसरत नाही, म्हणून चार ओळींत उरकतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, विमा किमान ३०,००० युरोंचा. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून घेतात, मग शेवटच्या पंधरवड्याची वाट कशाला बघायची? गोव्यातल्या काही घरांत एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि बाकीच्यांकडे भारतीय, असा मामला असतो. पोर्तुगीजवाल्याला व्हिसा नको, पण भारतात परत शिरताना ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) लागतं. ते कपाटात राहू देऊ नका. आणि टूरच्या रात्री सगळ्यांचे पासपोर्ट अंगावर हवेत, हॉटेलच्या तिजोरीत नकोत. उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरावर ढग असले की गाइड गाडी किनाऱ्यापासून सरळ आत घालतो, स्कीबोटनच्या खोऱ्यात, नाहीतर फिनलंडची सीमा ओलांडून किल्पिसयार्वीला. एकाचा पासपोर्ट मागे राहिला तर तो मार्गच बंद.

ट्रोम्सोचा हंगाम सप्टेंबर अखेरीपासून मार्च अखेरीपर्यंत. मे महिन्याच्या मध्यापासून जुलै सरेस्तोवर तिथे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे मुलांच्या उन्हाळी सुटीचा विचार डोक्यातून काढा. दिवाळीत जाता येतं, पण शरदात तो किनारा ओला आणि ढगाळ असतो. जमत असेल तर फेब्रुवारी-मार्च, शिगम्याच्या सुमारास. पौर्णिमेची फार धास्ती नको. चांदण्यात मंद ऑरोरा (म्हणजेच नॉर्दर्न लाइट्स) फिका पडतो खरा, पण डोंगर आणि बर्फ उजळून निघतात. किमान चार रात्री ठेवा, आणि खासगी टूर पहिल्या रात्रीची घेऊच नका. गोवा, मुंबई किंवा दिल्ली, मग एखादं मोठं विमानतळ, मग ऑस्लो, मग ट्रोम्सो: एवढ्या टप्प्यांत एक विमान चुकलं की टूरचे पैसे बुडाले. बॅग चुकली तर त्याहून वाईट, कारण बॅगेत बूट असतात. म्हणून बूट बॅगेत भरायचे नाहीत. पायात घालून विमानात बसायचं. मोपाला किंवा दाबोळीला लोक वळून बघतील, बघू देत.

खासगी टूर म्हणजे त्या रात्रीपुरते गाडी आणि गाइड फक्त तुमचे. ढग बघून दिशा बदलता येते, आजीला विश्रांती देता येते, एका जागी तीन तास थांबता येतं. पण पैसे भरण्याआधी काही गोष्टी लेखी विचारा. किती तास? किलोमीटरची मर्यादा आहे का, आणि ती ओलांडली तर जादा किती? सीमेपलीकडे न्यायची गाडीला आणि विम्याला परवानगी आहे का? सगळीकडे ढग असतील तर पैसे परत, दुसरी रात्र, की काहीच नाही? गाडी चालवणारा आणि गाइड एकच माणूस आहे का? बर्फाच्या रस्त्यावर तीनशे किलोमीटर एकट्याने चालवून वर अंदाज बघत राहणं कठीण असतं. दोघे असतील तर बरं. नॉर्वेत १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला लहान मुलांची खुर्ची लागते, म्हणून मुलांच्या उंच्या आधीच कळवा. कुणी ‘शंभर टक्के दिसणारच’ म्हणत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. तसं वचन कुणालाच देता येत नाही.

आणि हे विचाराच: थर्मल सूट देता ठीक, पण बूटही देता का? सूट मिळणार म्हणजे बूट मिळणारच असं मुळीच धरून चालू नका. देत असतील तर प्रत्येकाच्या पायाचा युरोपीय नंबर ईमेलमध्ये लिहून पाठवा आणि उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नका.

आता बूट नीट समजून घ्या, कारण इथेच रात्र फसते. ऑरोरा बघणं म्हणजे चालणं नव्हे, उभं राहणं. ट्रेकिंगचे चांगले बूट चालताना पुरतात, कारण चालणारा पाय स्वतः ऊब तयार करतो. इथे उणे १५ अंशांत, गोठलेल्या जमिनीवर, एका जागी दोन-तीन तास उभं राहायचं असतं आणि जमीन तळव्यातून ऊब ओढत राहते. अंगावर कितीही जाड जॅकेट असो, पाय गेले की माणूस गाडीत जाऊन बसतो. आणि टूर खासगी असली की एकाचे पाय गारठल्यावर सगळी गाडीच परत फिरते, मग बाकीचे पाच जण ठणठणीत असले तरी काय उपयोग?

बूट नेहमीच्या नंबरापेक्षा एक नंबर मोठा घ्या. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, दोन्ही मोजे चढवून कागदावर पाऊल ठेवा, कडेने पेन्सिल फिरवा, टाच ते अंगठा सेंटिमीटरमध्ये मोजा आणि त्यावर नंबर ठरवा. बारा महिने चपलेत वावरणारा पाय पंजापाशी बहुधा रुंद असतो, म्हणून नुसती लांबी जुळून भागत नाही. बूट घालून दहाही बोटं आत हलवून बघा. हलत नसतील तर परत करा, ‘वापरून सैल होतील’ म्हणू नका. घट्ट बुटात रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि बोटांभोवती उबदार हवाही राहत नाही. त्यामुळे नेहमीच्या नंबरात तीन मोजे कोंबणं हा सगळ्यात वाईट उपाय. आत पातळ लोकरी किंवा सिंथेटिक मोजा, वर जाड लोकरी. सुती मोजा नको, एकही नको. घाम पितो, ओला राहतो, आणि ओला पाय लवकर गारठतो. तळ जाड हवा, आतलं नमद्याचं (दाबलेल्या लोकरीचं) अस्तर काढून सुकवता येणारं असलं तर उत्तम.

पावसाळ्यातले गमबूट चालत नाहीत, आतून अस्तर नसलेलं रबर थंडीत नुसतं कडक होतं. स्पोर्ट्स शूज, ऑफिसचे चामडी बूट, काहीच चालत नाही. घरात कुणी तारवटी (जहाजावर नोकरीला) असेल तर त्याचे सेफ्टी बूट मागायचा मोह होईल. ते या थंडीत उभं राहण्यासाठी नसतात. त्याचं जहाजावरचं जॅकेट मात्र वारा अडवायला कामाचं, ते मागून घ्या. बूट मागवायचे तर निदान महिनाभर आधी मागवा, म्हणजे नंबर चुकला तर बदलता येईल. ट्रोम्सोत हिवाळी कपडे आणि बूट भाड्यानेही मिळतात. तो मार्ग धरलात तर नंबर देऊन आधीच नोंदवून ठेवा, तिथे पोचून शोधाशोध नको. जुन्या योगा मॅटचे फूटभर चौकोनी तुकडे कापून माणशी एक घ्या. बर्फावर टाकून त्यावर उभं राहायचं. वजन काही नाही, फरक लगेच जाणवतो. शहरातल्या घसरड्या फुटपाथसाठी बुटावर चढवायच्या खिळ्यांच्या पट्ट्या तिथेच दुकानात मिळतात.

बाकीचे कपडे त्या मानाने सोपे. अंगाला लागून मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक थर्मल, वर फ्लीस, त्यावर पिसांचं जॅकेट, सगळ्यात बाहेर वारा अडवणारा थर. जीन्स नको. हातात पातळ मोजे आणि त्यावर बोटं एकत्र ठेवणारे जाड मोजे, म्हणजे फोन चालवताना वरचे तेवढे काढता येतात. कान झाकणारी टोपी, गळपट्टा. हात गरम ठेवायच्या पुड्या हवेमुळे चालू होतात, म्हणून गरज लागण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी फोडा. खोबरेल तेल २४ अंशांखालीच थिजतं, तिथे निरुपयोगी. ओठांना-गालांना व्हॅसलीन घ्या.

अंदाजाबद्दल एक गैरसमज काढून टाका. मे २०२४ च्या मोठ्या सौरवादळात लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल झाक टिपली गेली, तेव्हापासून अनेकांना वाटतं की वादळ आल्याशिवाय काही दिसत नाही. ट्रोम्सो ऑरोराच्या पट्ट्याखालीच आहे, तिथे केपी निर्देशांक (भूचुंबकीय हालचालीचं ० ते ९ असं माप) २ असला तरी पुरतो. खरा शत्रू ढग. म्हणून केपीच्या ॲपपेक्षा नॉर्वेच्या हवामान खात्याचा ढगांचा नकाशा जास्त बघा. सौरवारा मोजणारे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहेत; तिथून खात्रीची आगाऊ सूचना मिळते ती साधारण अर्ध्या-एक तासाचीच. तीन दिवस आधीच्या केपीवर भरवसा ठेवून रात्र रद्द करू नका.

आणि घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा की मंद ऑरोरा डोळ्यांना राखाडी, पातळ ढगासारखा दिसतो. कमी उजेडात आपल्या डोळ्याला रंग नीट कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात. साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा तो हिरवा असतो. जोर वाढला की डोळ्यांनाही हिरवा दिसतो, आणि खालच्या कडेला नायट्रोजनची गुलाबी-जांभळी किनार झरझर सरकते. शंका आली तर फोन तिकडे रोखून तीन सेकंदांचा फोटो काढा. हिरवं आलं तर ढग नव्हे.

कॅमेऱ्याचा सराव घरी, अंधारात करून जा. मोरजीच्या किंवा काणकोणच्या किनाऱ्यावर रात्री ट्रायपॉड लावा आणि एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने फोकस जुळवायला शिका, कारण अंधारात ऑटोफोकस भरकटतो. रुंद लेन्स, छिद्र (अपर्चर) एफ २.८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, शटर उघडं ठेवायची वेळ ५ ते १० सेकंद. प्रकाश वेगाने हलत असेल तर २-३ सेकंद. बटण दाबताना थरथर नको म्हणून दोन सेकंदांचा टायमर. फोन असेल तर नाइट मोड, पण फोनलाही ट्रायपॉडची पकड हवीच. फ्लॅश बंद. बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाशी. लाल उजेडाचा हेडलॅम्प घ्या, पांढऱ्या टॉर्चने सगळ्यांचे डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं जातात.

खाणं: मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून नॉर्वेत नेता येत नाहीत, म्हणून चोरीस (गोव्याचं मांसाचं सॉसेज) आणि पेढे घरी. तेलातले थालीपीठ, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू चालतात. टूरवर बहुधा माशाचं किंवा रेनडिअरच्या मांसाचं सूप देतात. शाकाहारी असाल तर ते बुकिंग करतानाच सांगा, गाडीत बसल्यावर नव्हे. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या बॅगेत.

टूरच्या दिवशी दुपारी झोपा. हिवाळ्यात नॉर्वे आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिथे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा तुमच्या शरीराचे अडीच वाजलेले असतात, आणि ऑरोराची वेळ रात्री साधारण नऊ ते एक. न झोपलेला माणूस गाडीत घोरतो. फोन पूर्ण चार्ज करा, शौचाला जाऊन या, वाटेत कुठे सोय आहे ते गाइडला विचारा.

गाडीत हीटर लावलेला असतो. बुटांच्या नाड्या सैल करा, लांब पल्ला असेल तर बूट काढूनच बसा. नाहीतर पाय घामेजतात आणि तोच घाम बाहेर गोठवतो. उतरण्याआधी कोरडे मोजे घाला. माणशी कोरड्या मोज्यांचा एक जोड खिशात, डिकीतल्या बॅगेत नाही. उभं असताना दर दहा मिनिटांनी बोटं हलवा. दुखणं थांबून बोटं बधिर झाली तर ‘आता बरं वाटतंय’ समजू नका, लगेच गाडीत. मुलांना दर थोड्या वेळाने विचारत राहा, ती सांगत नाहीत.

बाहेर रस्त्यापासून दूर, चमकणारी पट्टी अंगावर, गोठलेल्या तळ्यावर गाइड म्हणेल तेव्हाच. प्रकाश लाटेलाटेने येतो. जोरदार खेळ बऱ्याचदा दहा-वीस मिनिटांत ओसरतो आणि तासाभराने पुन्हा उठतो, म्हणून पहिला ओसरल्यावर निघायची घाई नको. परतताना कॅमेरा गाडीत शिरण्याआधीच झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करा आणि हॉटेलवर पोचल्यावरही तास-दोन तास उघडू नका, नाहीतर लेन्सवर आतून-बाहेरून दव साचतं. मेमरी कार्ड मात्र बाहेरच काढून खिशात टाका, म्हणजे फोटो बघायला पिशवी फोडावी लागणार नाही.