बोअर, टँकर की धरण? नळाचं पाणी घरच्या घरी कसं पारखावं

उन्हाळा लागला की पुण्याच्या उपनगरांत, वाघोली, उंड्री, पिसोळीकडे, पाण्याची पहिली तक्रार स्वयंपाकघरातून येते. नेहमीच्या शिट्ट्या होऊनही तूरडाळीचा दाणा गळत नाही, चहावर तवंग धरतो, डोक्याला कितीही शांपू लावला तरी केस राठच. धरणाचं पाणी कमी पडलेलं असतं आणि सोसायटीच्या टाकीत बोअर-टँकरचं पाणी वाढलेलं असतं. खडकवासल्याचं किंवा पवनेचं पाणी साठवलेल्या पावसाचं, म्हणून हलकं. बोअरचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून मुरत येतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात, घरात आपण जड पाणी म्हणतो.

अशा वेळी बहुतेक घरांत आधी यंत्र विकत घेतलं जातं, पाणी मात्र कोणी तपासत नाही. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी मोजा, मग खर्च करा. आणि मोजताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. पाणी जड आहे का, हा एक. पाणी पिण्याजोगं आहे का, हा दुसरा. जड पाणी निर्धोक असू शकतं, आणि हलकं, नितळ पाणी आजारी पाडू शकतं.

कोणत्या नळाला कुठलं पाणी

काही सोसायट्यांत स्वयंपाकघराच्या नळाला महापालिकेचं आणि न्हाणीघराला बोअरचं पाणी असतं, काहींत सगळं एकाच टाकीत मिसळतं. सेक्रेटरींना किंवा पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारा. टँकर कोणत्या दिवशी येतो, तो कुठे भरतो, हे आठवडाभर कॅलेंडरवर लिहून ठेवा. ही नोंद नसेल तर पुढच्या तपासणीचा आकडा कोणत्या पाण्याचा, तेच कळणार नाही.

साबणाची चाचणी

दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत आरओचं किंवा पावसाचं पाणी, दुसरीत नळाचं, दोन्ही निम्म्या भरून. अंगाचा साबण किसून थोड्या आरओच्या पाण्यात विरघळवा आणि त्याचे दहा-दहा थेंब दोन्हींत टाकून जोरात हलवा. हलक्या पाण्यावर फेसाचा थर टिकतो. जड पाणी गढूळ होतं, वर पांढरट साका येतो. इथे भांड्यांचं लिक्विड किंवा कपड्यांची पावडर वापरू नका. ती जड पाण्यातही फेस देते आणि चाचणी फसते.

आकडा काढणं

टीडीएस मीटर बहुतेकांकडे असतो, पण तो पाण्याची वीजवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो. त्यातला जडपणा किती, हे तो सांगत नाही, आणि जंतू तर त्याला दिसतच नाहीत. जडपणासाठी थेंबांचं हार्डनेस किट घ्या. ठरावीक पाण्यात रंगद्रव्य टाकलं की पाणी लालसर होतं. मग थेंब मोजत जायचं, निळं होईपर्यंत. एका थेंबाला लिटरमागे किती मिलिग्रॅम धरायचे, ते किटवर लिहिलेलं असतं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, एकूण जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं सांगितलं आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतं. टीडीएससाठी हेच आकडे 500 आणि 2000 आहेत. नायट्रेट मात्र 45 च्या वर अजिबात चालत नाही, त्यात सवलत नाही. मैलापाणी किंवा शेतातलं खत मुरत असेल तर बोअरच्या पाण्यात नायट्रेट वाढतं, म्हणून प्रयोगशाळेत ते आवर्जून मागा.

जंतूंची तपासणी

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्यालगत नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावर होता. तिथला प्रश्न जडपणाचा नव्हता. म्हणून ही पायरी कुणीही टाळू नये.

नमुन्यासाठी प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली घ्या. नळाची जाळी काढा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, बाटलीच्या तोंडाला आतून बोट न लावता ती भरा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा. 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, एकही नसावा. रासायनिक तपासणीला साधी स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली चालते, फक्त त्याच पाण्याने तीनदा विसळून घ्या.

रोजच्या खात्रीसाठी गावोगावी वापरतात ती ओटी चाचणी सोपी आहे. नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे, थेंब टाकले की क्लोरिन असल्यास पाणी पिवळसर होतं. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन उरलेला हवा. ओटी हाताला लागू देऊ नका, तपासलेलं पाणी फेकून द्या. रंग आलाच नाही तर सोसायटीला सांगून टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालायला लावा: 1000 लिटरला 5 ग्रॅम. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचं पाणी तेवढं टाकीत सोडावं आणि नंतर किमान अर्धा तास थांबावं.

जड पाण्यावर उपाय

आपल्याकडच्या कातळातल्या पाण्याचा जडपणा बराचसा बायकार्बोनेटचा असतो, आणि तो उकळल्यावर सुटतो. डाळ शिजवायचं पाणी आधी दहा मिनिटं खळखळून उकळा, निवू द्या, तळाचा पांढरा थर न ढवळता वरचं पाणी घ्या. त्यात डाळ गळते. आजी चिमूटभर सोडा घालायची, त्यामागेही जड पाणीच असायचं.

गीझर 60 अंशांच्या वर ठेवू नका, कारण पाणी जितकं तापतं तितका थर लवकर धरतो. शॉवरची जाळी लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड घालून रात्रभर बुडवा. हे पाणी कडप्प्याच्या ओट्यावर किंवा संगमरवरावर सांडू देऊ नका, दगडाची चकाकी जाते. आणि कुठलंही ॲसिड ब्लीचिंगबरोबर कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

जडपणा 300-400 च्या पुढे असेल तर आंघोळ आणि कपड्यांसाठी सॉफ्टनरचा, म्हणजे पाणी हलकं करणाऱ्या यंत्राचा, विचार करावा. विक्रेत्याच्या आकड्यावर विसंबू नका, हिशेब स्वतः करा. चौघांच्या घरात या कामांना दिवसाला 400 लिटर लागतात आणि जडपणा 450 आहे असं धरू. म्हणजे रोज 180 ग्रॅम क्षार काढायचे. सॉफ्टनरमध्ये रेझिनचे बारीक मणी असतात, तेच जडपणा धरून ठेवतात; एक लिटर रेझिन साधारण 50 ग्रॅम काढतं, त्यामुळे 10 लिटरच्या यंत्राला पावणेतीन दिवसांनी मिठाच्या पाण्याने धुवावं लागणार, दर वेळी किलोभर मीठ. इतकं जमणार असेल तरच घ्या.

सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो. 450 चा जडपणा पूर्ण काढला तर लिटरमागे 200 मिलिग्रॅमहून थोडा जास्त सोडियम पाण्यात येतो. म्हणून घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर पिण्याचा नळ त्यापासून वेगळाच ठेवा. कुंड्यांनाही ते पाणी घालू नका, झाडं हळूहळू कोमेजतात.

आरओ हवाच असेल तर तो टीडीएस 500 च्या वर असताना घ्या, आणि त्याचं वाया जाणारं पाणी लादी पुसायला, संडासात ओतायला साठवा.

ही तपासणी मे महिन्यात एकदा करा आणि पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा करा. पावसात बोअर हलकं होतं, पण जंतू त्याच काळात वाढतात. अहवाल हातात आला की त्याची प्रत लिफ्टजवळच्या फलकावर लावा, टाकी धुतल्याच्या तारखेसकट.