जुन्या डीव्हीडी ड्राइव्हमधली स्टेपर मोटर कामाला कशी लावावी

बंद पडलेल्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये साधारण तीन मोटरी निघतात. ट्रे आत-बाहेर करणारी साधी डीसी मोटर ५ व्होल्टवर लगेच फिरते. डिस्क फिरवणारी थ्री-फेज, म्हणजे कॉइलच्या तीन गटांची असते. पहिल्याच प्रयोगात तिच्या वाटेला जाऊ नका. खरा ऐवज म्हणजे लेन्सचा गाडा सरकवणारी छोटी स्टेपर, म्हणजे ठरावीक टप्प्यांनी (स्टेपने) फिरणारी मोटर. बहुतेक ड्राइव्हमध्ये ती एका फेऱ्याला २० स्टेप घेते आणि एका फेऱ्यात गाडा ३ मिलिमीटर सरकतो, म्हणजे दर स्टेपला ०.१५ मिलिमीटर. पेनाने चित्र काढणाऱ्या छोट्या प्लॉटरला एवढं भरपूर झालं. काही जुन्या सीडी ड्राइव्हमध्ये इथे दोन टोकांची डीसी मोटर असते. आपल्याला हवी ती चार टोकांची.

ड्राइव्ह उघडा आणि रेल, स्क्रू, गाडा हे सगळं फ्रेमसकट बाहेर काढा. लेसरला मात्र करंट देऊन पाहू नका. रायटरचा लेसर डोळा कायमचा अधू करू शकतो.

आता वायरी जोडणं. मलाही सुरुवातीला सर्वात जास्त त्रास इथेच झाला. मोटरच्या कडेला चार चिमुकले टिपके असतात आणि त्यांवर चपटी केबल सोल्डर केलेली असते. ती केबल ओढून काढा, असं सर्रास सांगितलं जातं. अजिबात ओढू नका! कॉइलची केसाएवढी बारीक तार त्याच पिनांना गुंडाळलेली असते. ती तुटली की मोटर गेली. केबल थोडं शेपूट ठेवून कात्रीने कापा आणि आहे त्याच सोल्डरवर नवीन वायर चढवा. वायर पातळ आणि मऊ घ्या, टोकाला आधीच सोल्डर लावून ठेवा, टिपक्यावर फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं द्रव्य) लावा आणि आयर्न दोन सेकंदांच्या आत उचला. जास्त टेकवलं तर खालचं प्लास्टिक वितळून पिन तिरकी होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सोल्डर करण्याआधीच चारही वायरी फ्रेमला ग्लू गनने चिकटवा, म्हणजे पुढे कुठेही हिसका बसला तरी तो सांध्यापर्यंत पोचत नाही.

मग मल्टिमीटरने जोड्या शोधा. ज्या दोन टोकांत १० ओहमच्या आसपास रीडिंग येतं ती एक कॉइल, उरलेली दोन टोकं दुसरी. एखाद्या टोकाला बाकीच्या तिन्हींपैकी कुणाशीच रीडिंग आलं नाही, तर सांधा किंवा तार तुटली आहे.

ड्रायव्हर म्हणजे कंट्रोलरच्या इशाऱ्यावर मोटरच्या कॉइलमध्ये करंट सोडणारी चिप. त्याच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे. यूएलएन२००३ घेऊ नका. ही मोटर बायपोलर आहे, तिच्या कॉइलमध्ये करंट दोन्ही दिशांनी वाहावा लागतो आणि ती चिप तो एकाच दिशेने वाहू देते. ए४९८८ चिपचा छोटा बोर्ड घ्या. ‘मोटर ५ व्होल्टची, म्हणून सप्लायही ५ व्होल्टचा’ हा सल्ला इथे चालत नाही, कारण या ड्रायव्हरला मोटरसाठी किमान ८ व्होल्ट लागतात. १२ व्होल्ट द्या, सप्लायच्या पिनांजवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि करंटची मर्यादा ठरवल्याशिवाय मोटर जोडू नका. बोर्डवरच्या दोन सेन्स (करंट मोजणाऱ्या) रेझिस्टरवर ‘आर१००’ लिहिलेलं असेल, तर बोर्डवरचा बारका स्क्रू फिरवत त्या स्क्रूचा ग्राउंडपासूनचा व्होल्टेज ०.२ वर आणा, करंट ०.२५ अँपियरवर थांबेल. ‘आर०५०’ असेल तर ०.१ व्होल्ट पुरे. थोडा वेळ चालवून मोटरला बोट लावा. चटका बसत असेल तर आणखी कमी करा.

सप्लाय चालू असताना मोटरची वायर काढू-घालू नका, ड्रायव्हर तत्क्षणी जळू शकतो.

सुरुवात सेकंदाला ५० स्टेपने करा, वेग नंतर हळूहळू वाढवा. मोटर जागच्या जागी थरथरत असेल तर जोड्या चुकल्या आहेत, पुन्हा मोजा. उलटी फिरत असेल तर एकाच कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करा, अर्थात सप्लाय बंद करून.