विकिपीडियावर आरोग्याविषयी लिहिताय? या चुका टाळा

आमच्या एका इंटर्नने मराठी विकिपीडियासाठी जुलाबावरचा मजकूर लिहून आणला होता. त्यात एक ओळ होती: ‘एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.’ आकडे बरोबर होते, संदर्भही बरोबर. मी एवढंच विचारलं, चमचा कोणता? लातूर-बीडकडच्या घरात चहाचा चमचा वेगळा, पोह्यांचा वेगळा, आणि मीठ घ्यायचं ते बहुतेक शीग लावूनच. मूळ इंग्रजीत पाच मिलिलिटरचा, काठाशी सपाट केलेला चमचा होता. मराठीत येताना ‘सपाट’ गळाला. मीठ दुप्पट-तिप्पट झालं की तेच पाणी तान्ह्या लेकराला घातक ठरतं. रक्तातलं सोडियम वाढतं, फिट येऊ शकते.

मी कम्युनिटी मेडिसिन शिकवते आणि एमबीबीएसच्या मुलांसोबत हे लेख सुधारायचं काम करते. मुलं हुशार आहेत, मेहनती आहेत. तरी बहुतेक चुकांचं मूळ एकच दिसतं: आपण परीक्षकासाठी लिहितोय असं त्यांना वाटत राहतं. वाचणारी असते औसा-केजकडची एखादी सून. रात्री लेकरू तापलंय, दवाखाना वीस किलोमीटरवर, हातात मोबाईल. ती पहिला परिच्छेद वाचते आणि काहीतरी करते.

नवा लेख काढायची घाई

सगळ्यांना स्वतःचा लेख हवा असतो. पण मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि आधीच लिहिलेल्या मजकुराची डागडुजी हेच मोठं काम आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या वैद्यकीय शाखेने २०१३ मध्ये शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी विकिपीडिया संपादनाचा अभ्यासक्रम सुरू केला. तिथल्या ४३ विद्यार्थ्यांनी मिळून १,५२८ संपादनं केली. त्यांनी कच्चे संदर्भ काढून त्या जागी पक्के संदर्भ घातले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपल्याकडे काय शोधायचं? शिळी माहिती. कुत्रा चावला की पोटात १४ इंजेक्शनं, हे अजून गावोगाव ऐकू येतं. मेंढीच्या मेंदूपासून बनणाऱ्या त्या लशीचं उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस थांबलं. आता सरकारी दवाखान्यांत लस बहुतेक ठिकाणी दंडावर, त्वचेत देतात: पहिल्या दिवशी, म्हणजे शून्याव्या, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. पोटातल्या सुयांच्या धास्तीने लोक लस टाळतात, म्हणून ही एक ओळ दुरुस्त करणं नव्या लेखापेक्षा मोठं काम आहे. टीबीचंही तसंच. ‘आठवड्यातून तीनदा गोळ्या’ हे सीनियरच्या नोट्समधून उतरत येतं. देशभर रोजच्या गोळ्यांची पद्धत २०१७ मध्येच आली आणि कार्यक्रमाचं नावही २०२० मध्ये बदलून राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम झालं.

यंत्राचा अनुवाद जसाच्या तसा चिकटवणं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण ही चूक नजरेतून सहज सुटते. ‘ब्लड कल्चर’ची (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) ‘रक्त संस्कृती’ होते, ‘लेबर’ची (बाळंतपणाच्या कळा) ‘मजुरी’ होते, ‘ड्रग’ म्हणजे औषध की अमली पदार्थ हे यंत्राला कळेलच असं नाही. असली वाक्यं निदान डोळ्यांना खुपतात. हिंदीतून शिरलेले शब्द खुपत नाहीत, म्हणून ते जास्त घातक. मराठीत पेशी म्हणजे सेल, हिंदीत मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. हिंदीतला ‘टीका’ म्हणजे लस. मराठीत ‘बालकांना टीका’ असं छापलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं? रक्तचाप नको, रक्तदाब लिहा. कोशिका नको, पेशी लिहा. गुर्दा नको, मूत्रपिंड लिहा.

दुसरा धोका ‘शक्यता’ दाखवणाऱ्या शब्दांचा. मूळ मजकुरात ‘काही रुग्णांना होऊ शकतं’ असतं, अनुवादात ‘होतं’ एवढंच उरतं. ‘धोका दुप्पट होतो’ हे वाक्यही एकटं सोडू नका. दहा हजारांत एकाचे दोन झाले की शंभरात दहाचे वीस, हे सांगितल्याशिवाय दुप्पट या शब्दाला अर्थ नाही.

उपाय साधा आहे. परिच्छेद वाचा, स्क्रीनवरची मूळ मजकुराची खिडकी बंद करा, मग आपल्या शब्दांत लिहा. शेवटी मोठ्याने वाचा, जमलं तर घरी आईला फोनवर वाचून दाखवा. ती कुठे थांबते, काय परत विचारते, ते टिपा. परभणीच्या एका मुलीने असा उष्माघाताचा मजकूर आजीला वाचून दाखवला. ‘शरीराचं तापमान नियंत्रण निकामी होतं’ यावर आजी म्हणाली, म्हणजे घाम येतो का येत नाही? प्रश्न अगदी नेमका होता. उष्माघातात बरेचदा अंग कोरडं तापतं, पण उन्हात राबणाऱ्याला घाम येत असतानाही उष्माघात होतो. खरी खूण म्हणजे बरळणं, शुद्ध हरपणं. ही बाब लेखात नव्हतीच.

रोगाचं नाव आणि लोकांचं नाव

‘हर्पिस झोस्टर’ कुणी शोधत नाही, लोक ‘नागीण’ शोधतात. आणि नागिणीची दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो, ही भीती घेऊनच ते त्या पानावर येतात. लेखात ‘नागीण’ हा शब्द नसेल तर पान त्यांना सापडणार नाही, आणि त्या भीतीबद्दल एक ओळ नसेल तर सापडूनही उपयोग नाही. पुरळ मज्जातंतूच्या वाटेने, बहुधा शरीराच्या एकाच बाजूला येतं, हे पहिल्या परिच्छेदातच यावं. लोकांच्या तोंडच्या नावावरून लेखाकडे पुनर्निर्देशन करून ठेवा, म्हणजे ते नाव शोधलं की हाच लेख उघडेल.

कावीळ मात्र जपून. लोक तिला रोग म्हणतात, वैद्यकात ते लक्षण आहे. विषाणूमुळे यकृताला सूज, पित्तनलिकेत खडा, रक्तपेशींचा नाश, कारण काहीही असू शकतं. सगळं एकाच नावाखाली कोंबलं की ‘झाडपाल्याच्या औषधाने उतरते’ या समजाला बळ मिळतं. विषाणूमुळे होणारा हिपॅटायटिस ए बहुतेक वेळा आपसूक बरा होतो, श्रेय पाल्याला जातं, आणि पुढच्या वेळी खडा अडकलेला माणूसही आधी पाल्याकडेच जातो.

एकच शोधनिबंध पुरेसा समजणं

विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाच्या वापराचं काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. मुलांना त्यांचा अभिमान वाटतो, मलाही वाटतो. त्यांची नुसतं प्राझोसिन आणि प्राझोसिनसोबत प्रतिविष यांची तुलना करणारी चाचणी २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली आणि ती महत्त्वाची आहे. तरीही उपचाराच्या विभागात एकट्या चाचणीवर विधान उभं करू नये, कुणाचीही असो. विकिपीडियाचा वैद्यकीय संदर्भांचा दंडक असा: अनेक अभ्यास तपासून लिहिलेले आढावे, आरोग्य संघटनांची मार्गदर्शक तत्त्वं, मान्य पाठ्यपुस्तकं, आणि शक्यतो गेल्या पाचेक वर्षांतली. एकटी चाचणी इतिहास किंवा संशोधन या विभागात बसते. वर्तमानपत्राची बातमी उपचारासाठी चालत नाही. प्राध्यापकांचं लेक्चरही नाही, माझंसुद्धा.

आकडा घेताना वर्ष आणि मोजायची रीत सोबत घ्या. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू होतात, हा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे, घरोघरच्या मृत्यूंच्या पाहणीवरून काढलेला. दवाखान्यांतून सरकारकडे येणारी नोंद याहून खूप कमी असते, कारण कित्येक माणसं दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाहीत. दोन्ही आकडे शेजारी ठेवून हे कारण लिहिलं तर ऊसतोडीच्या फडावरचं वास्तवही त्यात येतं.

डोस आणि सल्ला

विश्वकोश प्रिस्क्रिप्शन लिहीत नाही. पॅरासिटामॉलचं सिरप पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५० चंही. लेखात ‘एक चमचा’ लिहिलं तर कोणत्या बाटलीतला? डोस गाळा. ‘हे करा, ते करू नका’ असा हुकूमही चालत नाही, पण म्हणून माहिती बोथट करायची गरज नाही. ‘साप चावलेला भाग घट्ट आवळल्याने रक्तपुरवठा तुटतो, चिरल्याने रक्तस्राव वाढतो, म्हणून या दोन्हींची शिफारस केली जात नाही’ हे विश्वकोशाचं वाक्य आहे आणि वाचणाऱ्याला काय करायचं तेही त्यातून कळतं.

वॉर्डातले फोटो

नको. रुग्णाचा चेहरा झाकला तरी गोंदण दिसतं, एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव असतं. आणि मुक्त परवान्याखाली चढवलेला फोटो जगात कुणीही वापरू शकतो, हे समजावून घेतलेली लेखी परवानगी ओपीडीच्या गर्दीत मिळत नसते. हाताने आकृती काढा.

अडलं तर

कॉलेजच्या लॅबमध्ये कार्यशाळा ठेवली आणि सातव्या मुलापासून खातं उघडेना, तर घाबरू नका. एका नेट जोडणीवरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात. सगळ्यांना आधीच्या आठवड्यात आपापल्या मोबाईलवरून खातं काढायला सांगा.

मजकूर उलटवला गेला, म्हणजे कुणी तुमचा बदल रद्द केला, तर लगेच परत टाकू नका. ‘इतिहास’ उघडा, बदलाचा सारांश वाचा, चर्चा पानावर विचारा. बहुतेक वेळा कारण साधं असतं: संदर्भ नाही, किंवा पुस्तकातला परिच्छेद तसाच उतरवलाय. दुसरं असेल तर वाद घालू नका, तो प्रताधिकाराचा भंग आहे. ‘मी डॉक्टर होतोय’ हे तिथे कारण धरलं जात नाही, आणि ते योग्यच आहे.

लाल अक्षरांत संदर्भाची चूक दिसली तर बहुधा संदर्भाची शेवटची खूण टाकायची राहिलेली असते. आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, सराव केला तर हे टळतं.

लेखाच्या वरचा तारा दाबून तो निरीक्षणसूचीत ठेवा, म्हणजे त्यात झालेले बदल तुम्हाला दिसतील. इंटर्नशिप संपताना तुमच्या लेखांची यादी एका ज्युनिअरच्या हाती द्या आणि कोणतं मार्गदर्शक तत्त्व कधी बदलणार आहे, ते तिला बसून सांगा.