उपग्रहचित्रात सह्याद्रीचे लाव्हाथर कसे ओळखावेत

सह्याद्री ज्वालामुखीतून झाला, हे शाळेत शिकलेलं असतं. म्हणून बरेच जण उपग्रहचित्रात शंकूसारखे डोंगर शोधू लागतात. तसा डोंगर बघायचा असेल तर रशियातल्या कामचाट्का द्वीपकल्पावर जा; तिथला क्लुचेव्स्काया ज्वालामुखी ४,७०० मीटरहून उंच आहे आणि माथ्यावरचं विवरही दिसतं. आपल्याकडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वाहिला. थरावर थर चढत गेले. त्या थरांची पश्चिमेकडची झिजलेली कड म्हणजे सह्याद्री. तेव्हा शंकू सोडा, थर शोधा.

सुरुवात तारखेपासून करा. कोपर्निकस ब्राउझर ही युरोपची उपग्रहचित्रांची वेबसाइट उघडा, ती बघायला फुकट आहे. सेंटिनेल-२ उपग्रह निवडा, ढगांचं प्रमाण कमीत कमी ठेवा आणि डिसेंबर-जानेवारीतलं चित्र घ्या. पावसाळ्यातल्या चित्रांच्या नादी लागू नका, घाटमाथा ढगांखाली असतो.

आता सावल्या बघा. हा उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातो. हिवाळ्यात त्या वेळी ऊन आग्नेयेकडून येतं, त्यामुळे कोकणाकडे उतरणारे कडे सावलीत राहतात आणि घाटाची कड गडद, नागमोडी रेघेसारखी उठून दिसते. इथेच डोळा हमखास फसतो. उजेड वरून येतो असं आपण नकळत धरून चालतो, पण उत्तर वर असलेल्या या चित्रात तो खालच्या बाजूने आलेला असतो. त्यामुळे दऱ्या उंचवट्यांसारख्या आणि डोंगर खड्ड्यांसारखे भासतात. नदी डोंगराच्या धारेवरून वाहताना दिसली की समजा, डोळा फसलाय. फोनचं ऑटो-रोटेट बंद करून तो सरळ उलटा धरा. सगळं क्षणात जागेवर येतं.

मग हरिश्चंद्रगडावर या. इथे घाई करू नका, सगळी गंमत इथेच आहे. गडाच्या उतारांवर गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि त्यातून झाडीचे गडद हिरवे पट्टे डोंगराला वळसा घालत, जवळजवळ एकाच उंचीवरून जातात. लाव्हाच्या थराचा घट्ट भाग उभा कडा बनून राहतो. वरचा सच्छिद्र भाग लवकर झिजतो, तिथे टप्पा तयार होतो, माती साचते आणि झाडं धरतात. म्हणजे झाडीचा पट्टा दिसला की तिथे टप्पा आहे असं धरायला हरकत नाही.

खात्री करायला गूगल अर्थ उघडा. कोकणकड्याखालच्या बेलपाडा गावावर या, शिफ्ट दाबून माउस ओढा आणि पूर्वेकडे तोंड करून दृश्य तिरकं करा. कर्सर पायथ्यापासून माथ्याकडे नेत खालच्या कोपऱ्यातले उंचीचे आकडे वाचा: कड्यावर ते झपाट्याने वाढतात, टप्प्यावर रेंगाळतात.

शेवटी धुळे-नंदुरबारकडे सरका. हा सह्याद्रीचा कडा नव्हे, पण भेगांचा पुरावा इथे जमिनीवर उघडा पडलाय. सपाट शेतांमधून सरळसोट, अरुंद टेकड्यांच्या ओळी साधारण पूर्व-पश्चिम जाताना दिसतील. त्या डाइक, म्हणजे भेगेतच थिजून राहिलेला लाव्हा. आजूबाजूचा खडक झिजला, त्या उभ्या राहिल्या. रस्ता किंवा कालवा समजून फसू नये म्हणून इथेही सावली तपासा: डाइकच्या उत्तरेकडच्या अंगाला ती बारीक काळी कड असते. एक सापडली की थोडं झूम-आउट करा, तिला समांतर अशा आणखी दिसतील.